चाकाकडे वाकवलेला आरसा

गाडीचा डावा आरसा मागच्या चाकाकडे वाकवून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. बाकीचे डायवर आरशात मागचा रस्ता पाहतात. हा चाक पाहायचा. कोणी हटकलं तर म्हणायचा, "रस्त्यासाठी उजवा आरसा हाये. डावा बायांसाठी."

त्याला नाव होतं, पण सानगडीत सगळे त्याला डायवरच म्हणत. त्याची बायकोही डायवर म्हणे. त्याच्याकडे एक जुनी निळी पिकअप गाडी होती, आणि मी रोवण्याला जाणाऱ्या बायांची टोळी चालवत असे. रोवणा म्हणजे धानाची लावणी. गावाकडचा रोवणा उरकला की आम्ही एकोडीच्या बाजूला जायचो. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत परत यायचं. अकरा पावसाळे आम्ही त्याच गाडीनं गेलो. शेवटच्या पावसाळ्यात त्या गाडीखाली आमच्या टोळीतल्या पुस्तकलाचा पाय गेला. तो का गेला याचं एक कारण लोकांना माहीत आहे. ते खरं नाही.

गाडीचा मागचा फाळका गंजून बसला होता. तो उघडत नसे. आरशापायी जीव टाकणारा हा माणूस फाळक्याकडे ढुंकून पाहत नव्हता. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्यामुळे बाया डाव्या बाजूनं चढायच्या. मागच्या चाकावर एक पाय ठेवायचा, डाल्याच्या, म्हणजे मागच्या हौद्याच्या, काठाला हात घालायचा, आणि वर चढलेलीनं दंड धरून ओढायचं. सगळ्या चढल्या की कोणीतरी पत्र्यावर दोन थापा मारी. ती निघायची खूण. दुसरे डायवर थापेवर निघतात. हा थापेवर विश्वास ठेवत नसे. चढणाऱ्या प्रत्येक बाईची टाच आरशात पाहायचा आणि मोठ्यानं मोजायचा. चौदा झाल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. पंधरावी मी. माझी जागा पुढं, डाव्या दाराशी.

आम्हाला तो तोंडानं ओळखतच नव्हता. बाजारात समोरून गेलो तरी ओळख देत नसे. एकदा एका लग्नात बाया पंगतीला बसल्या होत्या. सगळ्या नव्या साड्या, डोक्यावर पदर. हा वाढायला आला आणि पुस्तकलाच्या पानासमोर थांबून मला म्हणाला, "ही तं आपली सात नंबर."

"कशावरून?"

"डाव्या टाचेले उभी भेग हाये."

पुस्तकला आमच्या टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई. हातही तसाच. बाकीच्यांची पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, अर्धी पेंडी लावून व्हायची तेव्हा तिची संपलेली असायची. ती पान सोडून म्हणाली, "डायवर भाऊ, लोकं बाईचं तोंड पाहाते, तुमी टाच पाहाता. गाडी इका अन् चपलीचं दुकान टाका."

पंगत हसली. तो हसला नाही. त्यानं तिला भात वाढला आणि म्हणाला, "भेगीत मेण भर. चाकावरून घसरशील."

त्याला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. गाडी चालवताना तो बोलत नसे. हॉर्न वाजवत नसे. हॉर्न म्हणजे शिवी, असं त्याचं मत होतं. पुढं गुरं बसली असली तर गाडी बंद करायचा, खाली उतरायचा आणि एकेकाला हातानं उठवायचा. बाया डाल्यात उन्हानं भाजायच्या. दुपारी शेतावर सगळ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जेवायला बसत. तो मात्र गाडीतच बसून भात आणि लाखोळीची डाळ खायचा. बोलावलं तर म्हणे, "तुमचं चालू द्या. मी आलो का तुमाले गोष्टी नाई सांगता येत." ते मात्र बरोबर होतं.

आरशात कोणी तोंड पाहिलेलं त्याला चालायचं नाही. एकदा पुस्तकला गाडीतून उतरता उतरता आरशात वाकून कुंकू नीट करत होती. त्यानं तिला बोट लावून बाजूला केलं आणि फडक्यानं काच पुसली. "हा आरसा थोबाड पाहाले नोहोय."

"मंग घरी कोनता आरसा पाहाता तुमी? दाढी तं अशी करता जशी बकरीनं चरली."

खरंच तो दाढी हातानं चाचपून करायचा. त्याच्या घरात आरसा नव्हता. लग्नात आलेला एक होता, त्याची बायको सांगे, तोही कधीतरी फुटला, मग दुसरा आणला नाही.

तो डावा आरसा दुमडणारा होता. अरुंद गल्लीत गाडी घालताना दांडी आत ढकलली की आरसा दाराला चिकटून बसे, बाहेर आलं की पुन्हा उघडायचा. दांडीच्या बुडाशी एक स्प्रिंग आणि नट. अशा जुन्या गाडीची स्प्रिंग ढिली पडते, मग खड्डा आला की आरसा आपोआप आत पडतो. आमच्या रस्त्यांना खड्ड्यांची कमी नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून माझ्याकडे ते काम आलं. खड्डा दिसला की खिडकीतून हात काढून दांडी धरायची. गाडीत बसले की माझा हात आपोआप तिथं जाई.

दर वर्षी रोवण्याच्या आधी तो आरसा दुरुस्त करायला बसे. अंगणात पोतं पसरायचं. खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात त्याचे नट, चकत्या, तारा असायच्या, तो डबा पोत्यावर उपडा करायचा. आरसा दांडीसकट काढायचा, खोलायचा, रॉकेलनं धुवायचा. स्प्रिंग उन्हात धरून पाहायची. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक कडं कात्रीनं कापायचं आणि स्प्रिंगच्या खाली बसवायचं, म्हणजे ती ताणून राहते. वर लोखंडाची चकती. त्यावर नट. आणि त्या नटाच्या डोक्यावर आणखी एक नट, म्हणजे खालचा पळत नाही. सगळं बसवून झालं की अंगठ्यानं आरसा ढकलून पाहायचा. "बैलाच्या शिंगानं वळला पायजे. हवेनं नाई," म्हणायचा. मी बाजूला बसून पाहत असे. नवा आरसा बाजारात मिळत होता. मी तसं म्हटलं तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला नवी बायको कर म्हटलं होतं.

रोवणा आणि कापणी संपली की तो आरसा काढून घरात ठेवायचा. एकदा त्याची बायको माझ्याकडे तणतणत आली. तांदळाच्या पिंपात हात घातला तर आत आरसा. "मी इथं तांदूळ मापाले गेली अन् माहंच तोंड मले पाहून राहिलं. बुढ्याले दुसरी जागाच नाई सापडली." त्याला विचारलं तर म्हणाला, "तांदळात सर्दी धरत नाई."

हे सगळं वेड आहे असं आम्ही म्हणायचो. पण एका गोष्टीनंतर मोठ्यानं म्हणणं बंद केलं. आमच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, एकोडीकडून परत निघताना, बाया चढल्या, थापा पडल्या. हा गाडी सुरू करून बसून राहिला. पुन्हा थापा पडल्या. वरून बाया ओरडल्या, "चाला ना डायवर भाऊ." हा म्हणाला, "तेरा झाल्या. एक पाय चाकावर हाये." मी डोकं बाहेर काढून पाहिलं. आमच्यातली एक नवी पोरसवदा बाई एक पाय चाकावर ठेवून चपलेचा चिखल काढत होती. गाडी हलली असती तर चाकानं तिला तिथंच खाली ओढलं असतं. त्या दिवसापासून गाडीत बसल्यावर बाया बेफिकीर झाल्या. त्याच्या आरशावर आम्ही आमचे हातपाय सोपवून टाकले. ते बरं झालं नाही, हे पुढं कळलं.

शेवटच्या वर्षी रोवण्याच्या सुरुवातीपासून तो म्हणू लागला, आरसा हलून राहिला. रोज संध्याकाळी खोलायचा. ट्यूबचं एक कडं होतं त्याची दोन झाली, मग तीन. नट इतका पिळला की आरसा फिरवायला दोन हात लागायचे. तरी सकाळी पुन्हा तेच.

"धरा ना बाई. हलते."

"धरला हाये."

"तरी हलते."

माझ्या हाताखाली आरसा दगडासारखा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. सुईत दोरा ओवताना माणूस डोळे बारीक करतो तसा तो आरशाकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाकात हवा पाहायला खाली उतरला तेव्हा मी दोन्ही हातांनी आरसा आत फिरवला. आता त्यात आमच्याच दाराचं हँडल दिसत होतं. बाया आल्या, चढू लागल्या. त्या दिवशी पुस्तकलाला ताप होता, ती आली नव्हती. तो जागेवर बसला, मान डावीकडे वळवून आरशाकडे पाहू लागला. एक, दोन, तीन. वर थापा पडल्या तेव्हा तो म्हणाला, "चौदा. बराबर," आणि गाडी काढली.

हायवेवर तो नीट चालवत होता. समोरचे ट्रक त्याला दिसत होते. उजवा आरसा नाकाजवळ होता, त्यावर तो कसाबसा निभावत असावा. दुपारी बाया धुऱ्यावर जेवायला बसल्या तेव्हा मी माझा डबा घेऊन गाडीशी गेले.

"डायवर, आज किती बाया आल्या?"

"चौदा."

"तेरा. पुस्तकला तापानं पडली हाये."

त्यानं घास खाल्ला. "मोजाले चुकलं असन."

"आरसा मी दाराकडं फिरवला होता. तुमी दाराचं हँडल चौदा खेपा मोजलं."

तो भात चिवडत राहिला. मी विचारलं, "कवापासून?"

"उन्हाळ्यापासून. धुकं पडल्यावानी वाटते. रस्ता दिसते, गाड्या दिसते. आरशातलं नाई दिसत."

"डॉक्टरनं काय म्हटलं?"

"मोतीबिंदू. एका दिवसाचं काम हाये म्हनते. पन मंग महिनाभर गाडी नाई. रोवणा झाला का जातो."

मी म्हटलं, "उद्यापासून गाडी बंद."

"दुसरी कुठून आनान?" तो म्हणाला. त्यात रडणं नव्हतं. खरंच विचारत होता.

रोवण्याच्या दिवसांत एकही गाडी रिकामी नसते. आम्ही एक दिवस पोचलो नाही तर शेतकरी दुपारपर्यंत दुसरी टोळी आणतो. पऱ्हे थांबत नाहीत, तोही थांबू शकत नाही. आठ-नऊ दिवसांचं काम उरलं होतं. चौदा घरांची चूल त्यावर होती, हे खरं. आणि हेही खरं की एकदा टोळीचं नाव गेलं की पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही, आणि टोळी माझी होती. मी दोन्ही विचार केले. कोणता आधी केला ते सांगत नाही.

"आरसा माह्याकडं फिरवा," मी म्हटलं. "मी पाहीन. तुमी इचारा, मी सांगीन."

त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "खालीच ठेवा. चाक दिसलं पायजे. टाच दिसली का मोजा. थापेवर जाऊ नका."

मी चौथी शिकलेली. मला चौदापर्यंत मोजता येतं. मला वाटलं, एवढंच तर आहे.

बायांना आम्ही काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून तो विचारायचा, "डावं?" आणि मी म्हणायची, "मोकळं." किंवा "थांबा." पाच दिवस नीट गेले. मी टाचा मोजायची, पुटपुटत. तो मोठ्यानं तेच आकडे म्हणायचा, म्हणजे बायांना संशय येऊ नये. पुस्तकला तापातून उठून परत आली होती. एकदा ती म्हणाली, "मावशी, आजकाल आरसा तुह्याकडंच पाहाते. डायवर भाऊचं मन फिरलं का काय?" मी तिला तोंड आवर म्हटलं.

सहाव्या दिवशी सकाळी हायवेवर मागून एक ट्रक अगदी डावीकडून घुसला. आरशात मला चाक आणि चिखल दिसत होता, ट्रक दिसला नाही. तो बाजूनं गेला तेव्हाच कळलं. मी दोन्ही हातांनी जोर लावून आरसा वर केला. आता मागचा रस्ता दिसू लागला. मला बरं वाटलं. मला वाटलं, असाच असायला पाहिजे होता, हा उगाच इतकी वर्षं चाक पाहत बसला.

दिवसभर पाऊस झिमझिमत होता. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा माझे हात चिखलानं आणि गारठ्यानं कामातून गेले होते. आरसा पुन्हा खाली करायचा होता. तो घट्ट होता. दोन्ही हात बाहेर काढावे लागले असते, आणि खिडकीवर पावसासाठी मेणकापड बांधलं होतं. मी फटीतून पाहत होते. आरशात ओला रस्ता होता, आणि त्यावर कोणी नव्हतं. वर बाया चढत होत्या, गाडी दर वेळी थोडी हलत होती. मी त्या हलण्यावर मोजलं. पत्र्यावर दोन थापा पडल्या.

"डावं?" त्यानं विचारलं.

"मोकळं," मी म्हटलं.

तो ओरडा मी सांगत नाही.

पुस्तकलाचा पाय चाकावर होता. मध्ये कोणीतरी एक पाय चढवून पुन्हा खाली उतरली होती, डबा राहिला म्हणून, आणि मी तो धक्का मोजला होता. चाक फिरलं तसं तिला खाली ओढलं आणि डाव्या पायाच्या नडगीवरून गेलं. त्यानं गाडी थांबवली. बाया खाली उड्या मारू लागल्या. मी दार उघडून पळाले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. कोणी रडत होतं, कोणी पदर फाडत होतं, कोणी रस्त्याकडे पळत होतं.

तो पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आला. आधी त्यानं पुस्तकलाकडे पाहिलं. मग आरशाकडे. तो जवळ गेला, अगदी नाक लावून पाहिलं, आणि आरसा कुठं रोखलेला आहे ते त्याला कळलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. खिशातला पाना काढला. वरचा नट काढला, खालचा नट दोन-तीन आटे ढिला केला. आरसा मान टाकल्यासारखा लोंबला. त्यानं पाना खिशात ठेवला आणि मग तो वाकून पुस्तकलाला उचलायला लागला.

साकोलीच्या दवाखान्यापर्यंत गाडी त्यानंच चालवली. दुसरं कोणी नव्हतं. पुस्तकला आम्हा दोघांच्या मध्ये आडवी होती. मी खिडकीतून अर्धी बाहेर निघून पाहत होते आणि सांगत होते, मोकळं, मोकळं, थांबा, मोकळं. तो पहिल्यांदा हॉर्न वाजवत होता.

पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, "आरसा ढिला होता. मले माहीत होतं. माही चूक हाये." त्यांनी आरसा हलवून पाहिला. हलला. लिहून घेतलं. मी तिथंच उभी होते. मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्यानं त्याचा डोळा लपवला की माझा हात, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. दोन्ही एकाच नटाखाली होते. त्याच्याशी यावर मी कधी बोलले नाही. तोही बोलला नाही. गावात आमची समोरासमोर गाठ पडली की तो माझ्या पायांकडे पाहायचा आणि पुढं जायचा.

पुस्तकलाचा पाय वाचला, पण वाकडा जुळला. चिखलात दिवसभर वाकून उभं राहणं तिला जमेना. टोळीतला सगळ्यात चांगला हात बसला. मी तिला धुऱ्यावर बसून पेंड्या बांधायचं काम दिलं आणि बाकीच्यांसारखीच पूर्ण रोजी दिली. बाया म्हणत, मावशीचं मन मोठं आहे. मी ऐकून घ्यायची.

गाडी भंगारात गेली. त्यानं डोळ्याचं ऑपरेशन केलं, दोन्ही डोळ्यांचं. खरंच एकेका दिवसाचं काम होतं. त्याला पुन्हा लख्ख दिसू लागलं, पण तो पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. बाजाराच्या दिवशी पाना आणि तो खोबरेल तेलाचा डबा घेऊन चौकात यायचा. उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचे आरसे हलवून पाहायचा. ढिला असला की डायवरला न विचारता खोलायला बसे, ट्यूबचं कडं घाले, घट्ट करे. कोणाकडून काही घेत नसे. शेवटी डावा आरसा चाकाकडे वाकवून ठेवी. डायवर येऊन शिव्या द्यायचे. "ओ बुढे, चाक कायले दाखवून राहिला? चाक का पळून जाते?" आणि आरसा वर करून निघून जायचे. पुढच्या बाजाराला हा पुन्हा खाली करायचा. लोक त्याला वेडा म्हणू लागले. मी भाजी घ्यायला जायची तेव्हा ते ऐकायची. मला माहीत होतं की तो वेडा नाही, पण तसं म्हणायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी तो गेला. तेरवी झाल्यावर त्याची बायको जुन्या धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. "पिंपात होता," ती म्हणाली. "बाईले दे म्हनून गेला. मी काय करू याचं?" आरसा होता, दांडीसकट. गाडी भंगारात द्यायच्या आधी त्यानं काढून घेतला असावा. नट तसाच ढिला. इतक्या लोकांचे आरसे त्यानं घट्ट केले, हा एक केला नव्हता.

मी तो घरापुढच्या सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाला खिळे मारून लावला. गुडघ्यांमुळे आता मी टोळी नेत नाही, दिवसभर सपरीत बसते. आरसा तिथं लोंबत होता. त्यात जमीन दिसायची.

महिन्याभरानं पुस्तकला आली. येते ती अधूनमधून. काठी खांबाला टेकवून ती पायरीवर बसली, वाकडा पाय पुढं पसरून. आरशाकडे पाहिलं.

"हा तोच?"

"तोच."

"लोंबून राहिला. घट्ट काहून नाई करत?"

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं. म्हटलं, "पुस्तकला, हा आरसा त्या दिवशी ढिला नव्हता. घट्ट होता. मी वर फिरवला होता. डायवरले दिसत नव्हतं, म्हनून मी पाहात होती. मीच मोकळं म्हटलं."

तिनं पाय थोडा सरकवला. "मले माहीत हाये."

"कोनी सांगितलं?"

"कोन सांगन? मी तिथंच पडली होती ना मावशी, उताणी. आरसा माह्या डोक्यावर होता. त्याच्यात आभाळ होतं. त्यानं पाना काढला तेही पाहिलं. पहिले नट, मंग मी." ती बोलली ते असं, जसं कोणी बाजारभाव सांगावा. "सगळं दिसलं मले."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं टोळी फुटली असती. टोळी फुटली तं माह्या वाकड्या पायाले पेंड्या बांधाले कोनी बोलावलं असतं? दोन लेकरं होती माही." "तू कधी सांगते ते पाहात होती. लय वर्स लावले."

मी माफी मागितली नाही. ती मागण्यासारखी गोष्ट नाही, आणि तिनंही तसं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पाना हाये का घरात?"

होता. मी उठले. आरसा खांबावरून उतरवून पोत्यावर ठेवला. नट काढला, चकती काढली. ट्यूबची तिन्ही कडी वाळून तुकडे झाली होती. स्प्रिंगला गंज होता, ती तेलाच्या बोटानं पुसली. नातवाच्या जुन्या सायकलची ट्यूब पडली होती, तिचं एक कडं कापलं. एकच. कडं, स्प्रिंग, चकती, नट, आणि नटाच्या डोक्यावर घरातलाच दुसरा नट. मला सगळं पाठ होतं, हे मला हात चालायला लागल्यावर कळलं. पुस्तकला एकेक वस्तू हातात देत होती. आरसा पुन्हा खांबाला लावला, अंगठ्यानं ढकलून पाहिला. जोर लावला तर वळत होता. एरवी थांबत होता.

"आता?" मी विचारलं.

पुस्तकला पायरीवर बसून वर पाहत होती. "रस्ता दिसते."

मी आरसा खाली केला.

"अजून खाली."

केला.

"अजून. थोडा बाहेर. हां," ती म्हणाली. "थांब. आता मी दिसते."